रूळ नका शोधू, वळण शोधा: नागपुरातला हरवलेला मालधक्का कसा हुडकायचा

मालधक्का म्हणजे मालगाडीत माल चढवायचा-उतरवायचा दगडी फलाट. त्याचं रेल्वे यार्ड बंद पडलं की सगळ्यात आधी रूळ जातात, कारण भंगारात भाव त्यांनाच. तरीही लोक रूळ शोधत फिरतात. कुंपणात रुळाचा खांब दिसला की 'इथूनच लाईन जात होती' म्हणतात. कापलेले रूळ विकत घेऊन लोकांनी शहरभर खांब रोवले आहेत. त्या खांबांवरून काहीही ठरवू नका.

नकाशे आधी पाहून घ्या: सर्व्हे ऑफ इंडियाचं ५५ ओ/४ हे पत्रक, नगर भूमापनाचा नकाशा आणि उपग्रहाची जुनी चित्रं. सगळे प्लॉट चौकोनी असताना एकच अरुंद पट्टी वाकत गेली असेल, तर तिच्यावर खूण करा. रूळ गेले तरी लाईनचं वळण हद्दीत आणि भिंतीत उरतं.

मग कडबी चौकाजवळच्या मोतीबाग संग्रहालयात एक सकाळ घालवा. छोट्या लाईनचे, म्हणजे नॅरोगेजचे, डबे किती लहान असतात हे डोळ्यात बसलं पाहिजे. नागपुरात १८६७ साली मोठी लाईन, म्हणजे ब्रॉडगेज, आली, १८८० मध्ये छत्तीसगडकडे मीटरगेज सुरू झाली, आणि विसाव्या शतकात नागभीडची आणि छिंदवाड्याची अशा ७६२ मिलिमीटरच्या दोन छोट्या लाईनी आल्या. छिंदवाड्याची २०१५ मध्ये थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. समोरची खूण यातल्या कोणत्या गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या कोणत्या अंतराची, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता अवघड काम. इथेच मी फसलो होतो. इतवारीच्या मागे एका गोदामाची भिंत सुंदर वाकलेली होती. तिच्यामागे मी तीन रविवार घालवले, शेजाऱ्यांना साइडिंग, म्हणजे धक्क्याकडे जाणारी बाजूची लाईन, म्हणून दाखवलीसुद्धा. शेवटी सुतळी लावली तेव्हा कळलं की तो नाल्याचा जुना काठ आहे.

म्हणून सुतळी आधी लावा. २० मीटर सुतळी भिंतीच्या आत वळलेल्या, खोलगट बाजूला दोन्ही टोकं भिंतीला टेकवून ताणून धरा आणि बरोबर मध्यावर सुतळी ते भिंत हे अंतर मोजा. रेल्वेत याला व्हर्साइन म्हणतात. वळण तपासायला रेल्वेची माणसंही २० मीटरचीच दोरी लावतात. गाडी हवी तशी वळत नाही, म्हणून ही मोजणी खोटं बोलत नाही. नियमाप्रमाणे मोठ्या लाईनला निदान १७५ मीटर त्रिज्या लागते, मीटरगेजला १०९, छोट्या लाईनला ४४. त्यामुळे मधलं अंतर २९ सेंटिमीटरच्या वर गेलं तर तिथे मोठी लाईन नव्हती. ४६ च्या वर गेलं तर मीटरगेजही नाही. ११४ च्या वर गेलं तर कोणतीच गाडी तिथून वळलेली नाही. माझ्या त्या भिंतीला दीड मीटर आलं होतं. भिंत रुळाच्या आतल्या अंगाला असेल तर छोट्या लाईनसाठी आठ-दहा सेंटिमीटर सूट द्या, जास्त नाही.

एका मापावर विसंबू नका. सुतळी दहा-दहा मीटर पुढे सरकवत निदान पाच मापं घ्या. रेल्वेच्या वळणात मधली मापं जवळपास सारखी येतात. नाल्याच्या काठावर ती वाटेल तशी उड्या मारतात. पाचही मापं जुळली तरच वहीत 'साइडिंग' लिहा. आकडा नसेल तर छायाचित्र कितीही देखणं असो, मी ते पुरावा धरत नाही.

वळण सापडलं की धक्का सोपा. मोठ्या लाईनच्या मालधक्क्याची उंची रुळापासून जास्तीत जास्त १,०६५ मिलिमीटर, म्हणजे डब्याच्या तळाला साधारण समतल. सरळ, लांब दगडी कड, वर गोदाम. भरावामुळे ती आज गुडघ्याएवढीच दिसेल. दोन गेज जिथे भेटत तिथे एका डब्यातला माल दुसऱ्यात हमालांच्या डोक्यावरून जाई, म्हणून अरुंद धक्क्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी दिसली तर थांबून नीट मोजा.

चालू रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हाताऱ्या हमालांना शेवटी विचारा, आधी विचारलंत तर तुम्हाला हवं तेच ऐकू येईल. 'गुड्स यार्ड कुठे होतं?' असं विचारू नका. 'काका, मालधक्क्यावर पोती कोणत्या बाजूनं उतरत होती?' असं विचारा. ते हात करून दिशा दाखवतील. ती दिशा तुमच्या वळणाशी जुळते का, तेवढं तिथेच उभं राहून पाहून घ्या.