आधी आवडीनिवडीची यादी, मग ताटात बदल

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण 18 ते 28 या वयातले असतात. पहिल्या भेटीत मी ‘काल काय काय खाल्लंत?’ हा प्रश्न मुद्दाम टाळते. त्याचं उत्तर माणूस नकळत सावरून देतो. बिस्किटांचा अर्धा पुडा विसरला जातो आणि काकडीच्या दोन फोडी मात्र बरोब्बर आठवतात. त्याऐवजी मी विचारते, ‘तुम्हाला काय आवडतं? आणि काय अजिबात चालत नाही?’ या प्रश्नावर कुणी आडपडदा ठेवत नाही. चेहरे खुलतात आणि माणूस भडाभडा बोलायला लागतो.

ही नुसती माझी सवय नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातल्या व्हॅलरी डफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवडीच्या प्रश्नावलीवरून आहाराचा दर्जा जोखण्याची पद्धत विकसित केली. माणसाला जे आवडतं ते तो जास्त वेळा खातो आणि आवड सांगायला स्मरणशक्तीला ताण द्यावा लागत नाही, हे त्यामागचं साधं कारण. ही पद्धत घरी, एका कागदावर करता येते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडून मी ती करून घेते. तुम्हीही करून पाहा.

यादी कशी करायची

चाळीसेक गोष्टी लिहा. भाज्या, फळं, कडधान्यं, अख्खी, बिनपॉलिशची धान्यं, दूध-दही, अंडी-मासे-मांस (खात असाल तर), गोड पदार्थ, गोड पेयं, तळलेलं आणि खारट असं सगळं त्यात आलं पाहिजे. मधूनमधून खाण्याशी संबंध नसलेल्या गोष्टीही पेरा: जुन्या मित्राची अचानक भेट, गरम पाण्याने अंघोळ, लांबलचक रांगेत उभं राहणं, चालायला जाणं, घाम येईपर्यंत व्यायाम. मग प्रत्येकीला उणे 100 ते अधिक 100 यांमधला एक आकडा द्या. शून्य म्हणजे ‘असलं काय, नसलं काय’.

खाण्याबाहेरच्या गोष्टी कशाला, असं सगळेच विचारतात. काही जण हात सैल सोडून आकडे देतात, काही जण आखडता घेतात. मित्राच्या भेटीला 70 देणाऱ्याने कोल्डड्रिंकला 85 दिले, तर त्या 85 चं वजन कळतं. नुसता आकडा एकटा काही सांगत नाही.

आकडा पहिल्या झटक्यात द्या, ‘काय आवडायला हवं’ याचा विचार न करता. आणि यादी भरायची ती नीट झोप झालेल्या दिवशी. हे मी फार आग्रहाने सांगते. 2004 मध्ये शिकागोत निरोगी तरुण पुरुषांवर एक छोटा प्रयोग झाला. दोनच रात्री झोप तोडली, तर भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढलं, पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन घटलं आणि गोड, खारट, पिठूळ पदार्थांची ओढ वाढली. जागरणानंतर भरलेली यादी तुमच्या आवडीपेक्षा तुमच्या थकव्याबद्दल जास्त सांगेल.

आता गटवार सरासरी काढा. भाज्यांची किती, फळांची किती, गोड पेयांची किती. भाज्या शून्याच्या खाली आणि गोड पेयं 60 च्या वर असतील, तर तुमच्या ताटाचं चित्र बहुतेक तसंच असणार. पण माझी नजर आधी जाते ती चढा आकडा असूनही खाल्ल्या न जाणाऱ्या पदार्थांवर. फळांना 65 आणि आठवड्यात एकही फळ नाही, असं फार वेळा दिसतं. इथे आवड बदलायची गरजच नाही. फळ धुऊन, डोळ्यांसमोर, हाताशी ठेवलेलं हवं, एवढंच. सुरुवात इथूनच करा, कारण यात मनाविरुद्ध काहीच करावं लागत नाही.

या वयातच का

घरातलं ताट सुटतं आणि काय खायचं हे पहिल्यांदाच आपण ठरवतो, ते हेच वय. त्याचे परिणाम मोजले गेले आहेत. अमेरिकेत 1985-86 मध्ये 18 ते 30 वयाच्या सुमारे पाच हजार जणांना घेऊन ‘कार्डिया’ हा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. पंधरा वर्षांनी त्यातले सुरुवातीलाही आणि शेवटीही आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा फास्ट फूड खाणारे आणि एकदापेक्षाही कमी खाणारे यांची तुलना केली. पहिल्या गटाचं वजन सरासरी साडेचार किलो जास्त वाढलं होतं आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा दुप्पट वाढलं होतं. विशी-तिशीत हे आतल्या आत चालू असतं, बाहेरून काही जाणवत नाही. हाडांचंही तसंच. त्यांची जास्तीत जास्त घनता साधारण तिशीपर्यंत साठते, पुढे ती राखायची असते.

नावडीचं कारण शोधा

‘मला भाज्या आवडत नाहीत’ हे वाक्य मी कधीच तसंच सोडत नाही. नावड पाच प्रकारची असू शकते: चव, पोत, वास, जुनी आठवण आणि शरीराची खरीखुरी तक्रार. प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

एका मुलीने टोमॅटोला उणे 70 आणि टोमॅटोच्या सूपला अधिक 60 दिले होते. म्हणजे तक्रार चवीची नव्हतीच. मी तिच्यासमोर एक पिकलेला, घट्ट टोमॅटो उभा चिरला, बियांभोवतीचा तो बुळबुळीत गर चमच्याने खरवडून काढला, उरलेल्या भिंतीचे पातळ काप केले आणि वर चिमूटभर मीठ-मिरपूड घातली. तिने एक काप खाल्ला, मग दुसरा उचलला. ‘हा टोमॅटो वाटतच नाही,’ म्हणाली. तिचं वैर त्या गराशी होतं. पोताच्या नावडीत असंच असतं: चिरण्याची पद्धत बदला, मऊ लागत असेल तर मोठ्या आचेवर कोरडं भाजा, कडक लागत असेल तर शिजवा किंवा किसा.

कडूपणाचं मूळ मात्र जन्मजात असू शकतं. 1931 च्या सुमाराला ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ एक रासायनिक पूड हाताळत होते. ती हवेत उडाली आणि शेजारचा सहकारी कडू-कडू म्हणून तक्रार करू लागला. फॉक्सना काहीच चव लागली नव्हती. पुढे कळलं की हा फरक अनुवंशिक आहे आणि त्यात टीएएस2आर38 या जनुकाचा मोठा वाटा आहे. काहींना कोबीच्या कुळातल्या भाज्या इतरांपेक्षा खरोखरच जास्त कडू लागतात. तुम्ही त्यांतले असाल, तर नखरे करता असं कुणालाही म्हणू देऊ नका. उपाय स्वयंपाकात आहे. मिठाची चिमूट कडूपणा दाबते, 1997 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. थोडं तेल, लिंबाचे थेंब, किंवा कडा तपकिरी होईपर्यंत भाजणं, यानेही फरक पडतो. पालेभाजी उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून ते पाणी टाकलं तरी कडूपणा उतरतो. थोडी जीवनसत्त्वंही त्याबरोबर जातात, पण भाजी मुळीच न खाण्यापेक्षा हे बरं.

आठवणीची नावड हट्टी असते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर एकदा जरी उलटी झाली, तरी मेंदू त्या पदार्थाला वर्षानुवर्षं दोषी धरतो, मग उलटी तापामुळे का झालेली असेना. अशा पदार्थाच्या मागे लागू नका. त्याच कामाचा दुसरा पदार्थ शोधा.

आणि शरीराची तक्रार. कच्चं सफरचंद किंवा पीच खाल्ल्यावर ओठ-घसा खाजतो, दुधाने पोट फुगतं, अशांना ‘सवय करा’ म्हणणं चुकीचं आहे. पहिली ॲलर्जी असू शकते, दुसरं दुधातली साखर न पचणं. दोन्हींसाठी डॉक्टरांना दाखवा.

आवड लावून घेताना

रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. अन्नात मात्र पाहून भागत नाही, चव घ्यावी लागते. लहान मुलांवरच्या अभ्यासांत नवी भाजी स्वीकारली जायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा चव घ्यावी लागते असं दिसलंय. तरुण मंडळी मात्र दोन वेळा खाऊन निकाल देऊन मोकळी होतात.

माझी पद्धत अशी. उणे 10 ते उणे 40 मधला एकच पदार्थ निवडा. उणे 90 ला हात घालू नका. जेवणाच्या अगदी सुरुवातीला, भूक कडकडून लागलेली असताना, दोन घास खा. आवडत्या पदार्थाच्या सोबतीने खाल्ले तरी चालेल. दोन घासांनंतर थांबायची पूर्ण मुभा ठेवा. जबरदस्तीने संपवलेलं ताट नावड पक्की करतं. पदार्थ तोच ठेवा, करायची पद्धत मात्र कारण लक्षात घेऊन बदला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते. तिथे पोचायला सगळ्या भाज्या आवडायची गरज नाही. मनापासून आवडणाऱ्या पाच-सहा असल्या तरी गाडी चालते.

मीठ आणि साखर: नियम वेगळे

मिठाची आवड खाली येते, आणि याचा मला फार आधार वाटतो. फिलाडेल्फियातल्या, चव आणि वास यांवर संशोधन करणाऱ्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी 1982 मध्ये तरुणांवरचाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही महिने कमी मिठाचं खाल्ल्यावर त्यांना कमी खारट पदार्थच चवदार लागू लागले. म्हणून मीठ एकदम तोडू नका. दर पंधरवड्याला किंचित कमी करा आणि दोन-तीन महिने द्या. मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा. त्यातलं बरंचसं पाकिटातल्या पदार्थांतून आणि सॉसमधून येतं, तेव्हा कात्री आधी तिथे लावा.

साखर तशी वागत नाही. 2016 मध्ये मोनेलच्याच संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीन महिने साखर कमी खाणाऱ्यांना तोच पदार्थ जास्त गोड लागू लागला, पण त्यांची गोडाची पसंती काही घटली नाही. म्हणून ‘महिनाभर साखर सोडा, गोड आवडेनासंच होईल’ असं मी कुणाला सांगत नाही. गोडाला आठवड्यातली त्याची जागा ठरवून द्या आणि पेयांतली साखर आधी काढा. 330 मिलिलीटरच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्यासाठी बाहेरून घातलेल्या साखरेची कमाल मर्यादा 50 ग्रॅम आहे आणि 25 च्या आत राहिलं तर अधिक चांगलं. शिवाय प्यायलेल्या साखरेने पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे जेवण कमी होत नाही.

चढ्या आकड्यांची तपासणी

ज्यांना 80 च्या वर दिलेत, त्यांतलं एक पाकीट उघडा. पहिल्या, पाचव्या आणि पंधराव्या घासाला आकडा द्या, मोठ्याने म्हणा हवं तर. आकडा घसरतो आणि हात मात्र चालूच राहतो, हे तुमचं तुम्हालाच दिसेल. केंट बेरिज या मेंदूशास्त्रज्ञाने आवडणं आणि ओढ वाटणं यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या असल्याचं दाखवलंय. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम मुख्यतः ओढीचं. पाकीट संपतं ते बहुधा ओढीने.

अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांचा 2019 चा प्रयोग तर मी प्रत्येकाला सांगते. वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (म्हणजे कारखान्यात तयार झालेलं) आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं दिलं. चवीला दोन्हींना जवळपास सारखेच गुण मिळाले. तरी अतिप्रक्रिया केलेलं खाताना ते दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते आणि वेगानेही खात होते. म्हणून वाटीत काढून खा, पाकिटातून नको. चावावं लागेल असं काहीतरी सोबत घ्या.

कागद बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जायचं

यादीत शून्याच्या वर मोजकेच पदार्थ असतील आणि वजन घटत असेल. खाल्ल्यावर अपराधी वाटत असेल किंवा खाण्याचीच भीती वाटत असेल. पाळी थांबली असेल. आणखी एक खूण सहसा कुणी मनावर घेत नाही: बर्फ, माती किंवा कच्चे तांदूळ चघळावेसे वाटणं. तरुण मुलींत ही ओढ पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा घटक) तपासून घ्या. लोह भरून निघालं की बर्फाची ओढ अनेकदा आपोआप जाते.

तीन महिन्यांनी तीच यादी, त्याच क्रमाने, जुने आकडे न पाहता पुन्हा भरा. एखादा पदार्थ उणे 30 वरून शून्यावर आला असेल, तर तो आता वर्ज्य नाही. त्याला नेहमीच्या जेवणात घ्या आणि पुढचा निवडा. मनापासून प्रयत्न करूनही जागचा न हललेला पदार्थ यादीतून खोडून टाका.