घरून इंग्रजीची अंतिम परीक्षा देताना: लेखनाचा सराव स्पेलचेकविना करावा

विद्यापीठाच्या इंग्रजी भाषेच्या अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा घरून द्यायची असेल, तर सराव स्पेलचेकविना करावा, कारण परीक्षेच्या अनेक प्रणालींमध्ये ही सोय बंद केलेली असते आणि एरवी लाल अधोरेषेच्या भरवशावर लिहिणाऱ्याला ‘रिसीव्ह’मध्ये ‘ई’ आधी की ‘आय’ आधी, असा प्रश्न ऐन वेळी अडवतो. म्हणून नोटपॅडमध्ये, त्यात स्पेलचेक असल्यास ते बंद करून, घड्याळ लावून पूर्ण निबंध लिहावा, तो नंतरच स्पेलचेकमधून तपासून घ्यावा आणि वारंवार होणाऱ्या चुकांची यादी करावी. ही यादी माझ्या मते कोणत्याही तयार व्याकरण-पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी पडते. पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असली, तरी तिच्यावर विसंबू नये, कारण शोधाशोधीत वेळ हातोहात निघून जातो. श्रवण व संभाषणाच्या भागांसाठी वायरचा हेडफोन बरा. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोन सुरू झाला, की ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जा बहुधा घसरतो. परीक्षेची वेळ कोणत्या टाइम झोननुसार दिली आहे, हेही पाहून घ्यावे. इंटरनेट खंडित झाल्यास कोणाला आणि कसे कळवायचे, याची माहिती कागदावर लिहून जवळ ठेवावी, कारण ज्या ईमेलमध्ये ती आलेली असते, तो ईमेल नेमका त्याच वेळी उघडत नाही.