डीव्हीडी ड्राईव्ह: खरंच गेलाय का, आणि गेला असेल तर कसा बदलायचा

डेस्कटॉपचा डीव्हीडी ड्राईव्ह गेला असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, किती डिस्क लावून पाहिल्या? उत्तर बहुतेक वेळा ‘एक’ असंच येतं. तीही घरी लिहिलेली आणि कित्येक वर्षं कपाटात पडून राहिलेली. लोकांचे जुने फोटो आणि समारंभांच्या डिस्क हार्ड डिस्कवर उतरवून देण्याचं काम मी करते, त्यामुळे असे ‘मेलेले’ ड्राईव्ह माझ्यापुढे सतत येतात. त्यातले बरेच धडधाकट असतात.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी तीन डिस्क जमवा: विकत घेतलेली गाण्यांची सीडी, विकत घेतलेली सिनेमाची डीव्हीडी, आणि घरी लिहिलेली कुठलीही एक. डीव्हीडी रायटरमध्ये दोन लेसर असतात. सीडी वाचणारा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडी वाचणारा ६५० नॅनोमीटरचा. (ब्लू-रे ड्राईव्हमध्ये तिसराही असतो, ४०५ नॅनोमीटरचा.) म्हणून सगळ्या डीव्हीडी चालतात पण एकही सीडी उघडत नाही, किंवा याच्या बरोबर उलट होतं, असं दिसलं तर केबल, ड्रायव्हर, विंडोज यांच्या नादी लागू नका. त्यातल्या एका लेसरने राम म्हटला आहे, थेट नवीन ड्राईव्ह आणा.

दुसरी खूण याहून सूक्ष्म आहे. छापील, म्हणजे विकत मिळणाऱ्या कारखान्यातल्या डिस्क ड्राईव्ह व्यवस्थित वाचतो, पण आरडब्ल्यू म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिता येणारी डिस्क घातली की नुसता घरघरतो. छापील सीडी तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी निदान ७० टक्के परत पाठवते, आरडब्ल्यू सीडी जेमतेम १५ ते २५ टक्के. लेन्सवर धूळ बसली किंवा लेसर थकला की आधी हा मंद उजेड हातचा जातो. म्हणजे तुमचा ड्राईव्ह या टप्प्यावर उताराला लागलाय. महत्त्वाच्या डिस्क आताच उतरवून घ्या, बाकीचं नंतर.

तिन्हीपैकी एकही चालत नसेल तर प्रश्न वेगळा. बटण दाबल्यावर ट्रे बाहेर येतो का? येत असेल तर वीज पोचतेय. येत नाही आणि दिवाही लागत नाही, तर कॅबिनेट उघडून एसएमपीएसकडून, म्हणजे आतल्या सगळ्या भागांना वीज देणाऱ्या डब्याकडून आलेली वायर घट्ट बसवा, शक्य असेल तर दुसरी लावून पाहा. ट्रे हलतो पण बायॉसच्या (विंडोजच्या आधी, मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पडद्याच्या) यादीत ड्राईव्हचं नावच नाही, तर डेटा केबल किंवा मदरबोर्डवरचा पोर्ट बदलून पाहा. साटा, म्हणजे हल्लीची अरुंद डेटा केबल दिसायला ठणठणीत आणि आतून तुटलेली, हे नेहमीचंच. बायॉसमध्ये नाव आहे पण विंडोजला दिसत नाही, मग ड्राईव्हचा दोष जवळजवळ नसतोच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत जाऊन ड्राईव्ह अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा, विंडोज त्याला पुन्हा शोधून काढतं.

तरीही त्या यादीत ड्राईव्हच्या नावापाशी पिवळी खूण आणि कोड १९ किंवा ३९ दिसला, तर डिस्क लिहिण्याचं एखादं जुनं सॉफ्टवेअर काढताना रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे ठेवतं त्या नोंदवहीत, त्याचा कचरा राहिलेला असू शकतो. रजिस्ट्रीच्या क्लास विभागातल्या ४डी३६ई९६५ ने सुरू होणाऱ्या नोंदीत अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स असतील, तर त्या काढाव्या लागतात. आधी रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवा आणि शेवटचा आकडा दोनदा वाचा. जवळच ४डी३६ई९६७ आहे, ती हार्ड डिस्कची. तिथलं अपरफिल्टर्स उडवलंत तर विंडोज सुरूच होणार नाही.

आणखी एक गैरसमज. डिस्कवरच्या फाइल दिसतात पण सिनेमा चालत नाही, यात ड्राईव्हचा काही अपराध नाही. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून डीव्हीडी सिनेमा चालवण्याची सोय विंडोजमध्ये आपसूक मिळत नाही. व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर टाका, काम झालं.

ट्रे अडकणं हा माझा आवडता बिघाड, कारण तो दुरुस्त होतो. ट्रेला ढकलणारी मोटर आणि दातेरी चाकं यांच्यामध्ये एक बारीक रबरी पट्टा असतो. वर्षांनी तो ताणतो, गुळगुळीत होतो आणि घसरायला लागतो. बटण दाबलं की गुरगुर ऐकू येते, ट्रे जरासा हलतो आणि पुन्हा आत. यातली गंमत अशी, की डिस्क आत असताना ट्रे उघडतो आणि रिकामा असताना हटून बसतो. डिस्क पकडून ठेवणाऱ्या चकतीत लोहचुंबक असतं, मध्ये डिस्क नसली की ते जास्त घट्ट चिकटतं आणि ढिल्या पट्ट्याला ती ओढ सुटत नाही. त्याच मापाचा पट्टा मिळाला तर बदला.

आत डिस्क अडकली असेल तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करा. ड्राईव्हच्या तोंडाशी टाचणीएवढं भोक असतं, त्यात कागदाला लावायची क्लिप सरळ करून घाला आणि हळू दाबा. ट्रे थोडा पुढे येतो, बाकीचा हाताने ओढायचा. चालू मशीनवर हे करू नका, वेगवान ड्राईव्हमध्ये सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते. त्याच कारणाने मधल्या भोकापाशी तडा गेलेली डिस्क ड्राईव्हमध्ये कधीच घालायची नाही. ती आत फुटते.

लेन्स साफ करायची तर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घ्या आणि अलगद फिरवा. लेन्स अगदी बारीक तारांवर तोललेली असते, रेटा दिला की संपली. ब्रशवाल्या क्लीनिंग डिस्कवर माझा विश्वास नाही. आणि झाकण काढलेला ड्राईव्ह वीज लावून पाहायचा मोह टाळा. सीडीचा लेसर डोळ्यांना जवळपास दिसत नाही, इजा मात्र करतो.

आता बदलणं. आधी जुन्याची केबल पाहा. अरुंद, ७ पिनांची असेल तर साटा. रुंद, चपटी, ४० पिनांची पट्टी असेल तर आयडीई, आणि मग नवीन ड्राईव्ह शोधत बसण्यापेक्षा यूएसबीवर चालणारा बाहेरचा घ्या. तो मागच्या पोर्टला लावा, कारण डिस्क फिरायला लागताना त्याला जास्त करंट लागतो आणि पुढचे पोर्ट कधीकधी कमी पडतात. छोट्या कॅबिनेटमध्ये लॅपटॉपसारखा पातळ ड्राईव्ह असतो, त्याचा विजेचा कनेक्टर ६ पिनांचा, नेहमीच्या १५ पिनांच्या जागी तो बसत नाही.

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा. दोन्ही बाजूंची झाकणं उघडा, स्क्रू दोन्हीकडे असतात. केबलचा फोटो काढा. मग दोन्ही केबल कनेक्टरला धरून काढा, स्क्रू सोडवा आणि ड्राईव्ह समोरून बाहेर ओढा. नवीन तसाच समोरून सरकवा, पुढची बाजू कॅबिनेटच्या रेषेत आणा आणि मगच स्क्रू आवळा. ड्राईव्हला बारीक आट्यांचे एम३ स्क्रू लागतात. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे असतात, ते इथे जबरदस्तीने पिळले की आटे जातात.

एसएमपीएसला साटाची वायर नसेल तर जुन्या चार पिनांवरून कन्व्हर्टर लावता येतो, पण ज्याच्या तारा प्लास्टिकमध्ये ओतून बसवल्यात तो नको. तसले कन्व्हर्टर जळाल्याची उदाहरणं आहेत. तारा दाबून बसवलेला घ्या.

झाकण लावण्याआधी विंडोज असलेल्या डिस्कची केबल बोटाने दाबून पाहा. ‘ड्राईव्ह बदलला आणि कॉम्प्युटरच सुरू होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा तीच धक्क्याने सुटलेली असते.

वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. पुन्हा त्याच तीन डिस्क लावून पाहा. सिनेमाची डीव्हीडी पहिल्यांदा घालताना ड्राईव्ह प्रदेशाचा कोड (जगाच्या कुठल्या भागासाठी विकलेल्या डीव्हीडी चालवायच्या तो आकडा) विचारेल, तो विचार करून निवडा. तो फक्त ५ वेळा बदलता येतो आणि मोजणी ड्राईव्हच्या आत होते, त्यामुळे विंडोज पुन्हा टाकलं तरी शून्यावर येत नाही.