सोरायसिसचा उपचार आणि नव्या औषधांची पारख

सोरायसिसचे चट्टे आणि खपल्या कातडीवर दिसत असल्या, तरी आजाराचे मूळ रोगप्रतिकारक यंत्रणेत असते, हे आधी समजून घ्यावे. निरोगी त्वचेची पेशी तयार होऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. चट्ट्यात हेच चक्र काही दिवसांत उरकते आणि अर्धवट पेशींचे थर साचत जातात. गोऱ्या त्वचेवर चट्टे लालसर दिसतात, सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा तपकिरी. हा आजार स्पर्शाने पसरत नाही.

तपासणीला जाण्यापूर्वी आजार मोजून ठेवावा. बोटांसह आपला तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का. चट्टे अशा किती तळहातांएवढे आहेत ते पाहावे. १० टक्क्यांपुढचा आजार साधारणपणे तीव्र मानतात, मात्र टाळू, तळपाय किंवा जननेंद्रियांवरचा छोटा चट्टाही जगणे अवघड करतो, तेव्हा आकड्यावरच विसंबू नये. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा सांध्यांचा ताठरपणा किंवा अख्खे बोट सुजणे, यांपैकी काहीही असेल तर न विचारताही सांगावे. सांध्यांची झीज एकदा झाली की भरून येत नाही. घशाचा संसर्ग, त्वचेला झालेली इजा, लिथियमसारखी औषधे यांनंतर चट्टे वाढले का, याचीही नोंद ठेवावी.

आजार मर्यादित असेल तर स्टिरॉइड आणि कॅल्सिपोट्रिऑलची मलमे बहुधा पुरतात, पण ती हात राखून लावली जातात आणि मग ‘गुण आला नाही’ अशी तक्रार होते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम दोन तळहातांएवढ्या जागेला लागते. त्यापुढे आठवड्यातून दोन-तीनदा ३११ नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणे देतात, किंवा मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून ठरलेल्या एकाच वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते. गरोदरपणात ती चालत नाही. पोटातून घेतलेली स्टिरॉइड अचानक थांबवल्यास आजार उग्र रूपात उसळू शकतो, म्हणून सोरायसिससाठी ती सहसा टाळतात.

नव्या औषधांचा मार्ग काहीसा योगायोगाने उघडला. १९७९ साली सायक्लोस्पोरिन हे रोगप्रतिकारक यंत्रणा दडपणारे औषध दिलेल्या काही रुग्णांचे सोरायसिसही निवळल्याचे दिसले आणि संशोधकांचे लक्ष टी-पेशींकडे, म्हणजे याच यंत्रणेतल्या पांढऱ्या रक्तपेशींकडे वळले. पुढे टीएनएफ, इंटरल्यूकिन-१७ आणि इंटरल्यूकिन-२३ हे दाह वाढवणारे रेणू रोखणारी बायोलॉजिक (सजीव पेशींत तयार केलेली) इंजेक्शने आली. २०२२ मध्ये अमेरिकेत ड्यूक्रॅव्हॅसिटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. यांपैकी कोणतेही औषध आजार मुळासकट काढत नाही, म्हणून तशी हमी देणाऱ्यापासून दूरच राहावे.

नव्या औषधाच्या चाचणीत ‘पासी ९०’ हा शब्द आढळेल; चट्ट्यांची तीव्रता मोजणारा गुणांक किमान ९० टक्क्यांनी उतरला, असा त्याचा अर्थ. तो किती रुग्णांनी गाठला, किती आठवड्यांत गाठला आणि तुलना निष्क्रिय औषधाशी होती की प्रचलित उपचाराशी, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. बायोलॉजिक सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि हिपॅटायटिसची तपासणी करून घ्यावी. आतड्यांचा दाहक आजार असल्यास ते आधीच सांगावे, कारण इंटरल्यूकिन-१७ रोखणाऱ्या औषधांनी तो बळावू शकतो. औषध थांबवल्यावर चट्टे साधारण किती काळाने परततात, तेही पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.