जुन्या बाजारातल्या कपबशा: कशा शोधायच्या, कशा पारखायच्या आणि घरी आणल्यावर काय करायचं

सुरुवातीलाच सांगते, अख्ख्या सेटच्या मागे लागू नका. सहाच्या सहा कप, सहा बशा, किटली, साखरेचं भांडं, सगळं एकसारखं आणि टवका नसलेलं, असं मिळालंच तर महाग मिळतं आणि मग ते शोकेसमध्ये जाऊन बसतं. खरी मजा सुट्यात आहे. माझ्याकडे पहिली आली ती एक बशी, गुलाबी फुलांची, ३० रुपयांना, कपाचा पत्ताच नाही. विकणारे काका म्हणाले, "अहो ताई, एकटी बशी घेऊन काय पूजा करणार का?" म्हटलं बघू. दीड वर्षानी तिला शोभेल असा कप मिळाला, वेगळ्या कंपनीचा, फक्त गुलाबी रंग जुळणारा, आणि आता घरी सगळ्यांना सकाळी तोच कप हवा असतो.

आधी नजर तयार करा, मग पाकीट काढा. पुण्यात शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय निवांत बघून या, आधी बघितलं असेल तरी परत. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून दिवे, अडकित्ते, रोजच्या वापरातली भांडी असं सगळं जमवलं आणि पुढे तो सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. तिथे तुम्हाला कपबश्या शोधायच्या नाहीयेत, रोजच्या वस्तूकडे थांबून बघायची सवय लावायचीये.

शोधायचं कुठे? पुण्यातच मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर जा, पिशवी आणि जुनी वर्तमानपत्रं घरून न्या, सुटे पैसे ठेवा. तिथे नळाच्या तोट्या, मोटारीचे पार्ट, बंद पडलेली घड्याळं यांच्या मधेच एखाद्या ताडपत्रीवर चार बशा पडलेल्या असतात, त्यामुळे नजर खाली ठेवून चालायचं. पण माझ्या मते बाजारापेक्षा मोठा खजिना आपल्याच लोकांच्या माळ्यावर आहे. पेठेतला वाडा पाडायला निघाला किंवा सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की माळे रिकामे होतात आणि लग्नामुंजीत आहेर आलेले टी सेट, लेमन सेट खोक्यासकट बाहेर येतात, कित्येकदा एकदाही न वापरलेले, कारण "पाहुणे आल्यावर काढू" म्हणता म्हणता चाळीस वर्षं गेलेली असतात. ओळखीच्या मावशी, आत्या, काकू सगळ्यांना सांगून ठेवा की टाकू नका, आधी मला फोन करा. फक्त एक पथ्य, कुणी नुकतं गेलं असेल त्या घरात लगेच विचारायला जायचं नाही.

आता पारख, इथे घाई नको. बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि काठाला नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. साधी, जाड चिनी माती मुळातच थोडा कमी वाजते, त्यामुळे त्याच ढिगातल्या दुसऱ्या बशीशी तुलना करून बघा. मग डोळे मिटून काठावरून बोट फिरवा, डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. मोबाईलचा टॉर्च मागून लावला की केसासारखी चीर दिसते. कपाचा कान जिथे चिकटवलेला असतो ती जागा आणि किटलीची चोच नीट बघा, कारण मी एकदा एक सुंदर किटली आणली, घरी पाहुण्यांना चहा ओतताना चोच निघून थेट कपात पडली. ती कुणीतरी फेव्हिक्विकने चिकटवली होती. विकणाऱ्याला दोष देऊन काय उपयोग, टॉर्च माझ्याच खिशात होता.

बशी उलटी करा. खरी गोष्ट मागेच लिहिलेली असते. नुसतं 'इंग्लंड' असं असेल तर ती बहुतेक १८९१ नंतरची, कारण त्या वर्षी अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव हवं असा कायदा लागू झाला आणि कारखाने तोच शिक्का सगळीकडे मारायला लागले. 'मेड इन इंग्लंड' असेल तर सहसा विसाव्या शतकातली. 'निप्पॉन' म्हणजे जपानी माल, साधारण १९२१ च्या आधीचा, आणि 'ऑक्युपाइड जपान' दिसलं तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन ताब्याच्या काळातली, जो १९५२ ला संपला. आपल्याकडच्या 'बेंगाल पॉटरीज', 'हितकारी' या नावांनाही नाक मुरडू नका, मी तर तीच आधी उचलते. प्लेटच्या मागे तीन बारीक ठिपके खरवडल्यासारखे दिसले तर घाबरू नका, भट्टीत ती ज्या टेकूवर ठेवली होती त्याच्या त्या खुणा. बुडाच्या कडीवर बारीक ओरखडे असणं पण चांगलंच, म्हणजे ती वापरली गेलीये. मागचं सगळं नवंकोरं आणि पुढे मात्र 'अँटिक' म्हणून दाम सांगितला असेल तर काढता पाय घ्या.

बोन चायना ओळखायचं असेल तर कप उजेडासमोर धरून मागे बोटं हलवा, बोटांची सावली आरपार दिसते. त्यात खरंच हाडांची राख असते, अस्सल इंग्लिश पद्धतीत निम्म्याच्या आसपास, आणि ही माहिती सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात चहा पाजून झाल्यावर द्यायची नसते, आधी द्यायची असते. मी एकदा उशिरा दिली. असो.

भाव करा पण माणसासारखा. ज्यात तडा आहे ते दाखवून कमी करून मागा, चांगल्या वस्तूला उगाच नावं ठेवू नका, आणि चार सुट्या एकदम घेतल्या तर किंमत आपोआप खाली येते. मी तर सरळ विचारते, "काका, या चारचे मिळून किती?"

घरी आणल्यावर सिंकमध्ये आधी जुना टॉवेल पसरा, मग कोमट पाणी आणि साधा साबण. चहाचे डाग खायच्या सोड्याची पेस्ट बोटाने चोळली की जातात. सोनेरी काठाला घासणी लावली तर सोनं दोन दिवसांत गायब. लेबलचा चिकटपणा खोबरेल तेलाने निघतो. थंडीत गार कपात एकदम उकळता चहा ओतू नका, आधी थोडं गरम पाणी फिरवा. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवतो, तिकडे न्यायचंच नाही.

आणि हे मात्र गंभीरपणे घ्या. जुन्या ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थरात, आणि वरून छापलेल्या रंगात शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतात. म्हणून लोणचं, चिंचेची चटणी, सोलकढी, लिंबू सरबत यातलं काहीच त्यात ठेवायचं नाही. ज्याच्या ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत त्यात तर काहीच खाऊ-पिऊ नका, चहा आणि तेल आत मुरतं आणि धुऊन निघत नाही. अशा बशा किल्ल्यांसाठी, देवापुढे फुलांसाठी, कुंडीखाली, वापर तसे भरपूर आहेत. लहान मुलांचा रोजचा दुधाचा कप मी नवाच ठेवलाय.

ठेवताना बशांच्या मधे जुन्या सुती साडीचे तुकडे घाला, कपात कप रचू नका, आणि कानाला धरून हुकवर टांगू पण नका, कान आधीच म्हातारा झालेला असतो. माळ्यावर परत नेऊन ठेवायचं असेल तर आणलंच कशाला? समोर ठेवा, मंगळवारी वापरा, शनिवारी वापरा, पाहुण्यांची वाट बघू नका. जुन्या खोलगट बशीत चहा ओतून फुर्र करून पिऊन बघा, आजोबा असेच का प्यायचे ते कळतं, चहा पटकन निवतो.

वापरलं की फुटणार, ते धरूनच चाला. मोठा तुकडा टाकू नका, कुंडीच्या तळाच्या भोकावर उपडा ठेवला की माती वाहून जात नाही आणि पाणी निघून जातं. माझी ती ३० रुपयांची बशी गेल्या महिन्यात कामाच्या गडबडीत हातातून निसटली, सध्या ती कढीपत्त्याच्या कुंडीत आहे, आणि तिचा कप परत बशी शोधतोय, या रविवारी जाईन म्हणते.