लुई मॅकफॅडनवर प्रबंध घेताय? मग शेवटच्या भाषणापासून सुरुवात करू नका

अमेरिकन बँकिंगच्या इतिहासावर काम करणारी नवीन मुलंमुली विचारतात की मॅकफॅडन, म्हणजे १९२० च्या दशकात अमेरिकन संसदेच्या बँकिंग कमिटीचा अध्यक्ष असलेला खासदार, घेऊ का विषय म्हणून. घ्या, जरूर घ्या. फक्त त्याची १९३२-३३ ची भाषणं आधी उघडू नका, हे अगदी हात जोडून सांगते. माझा खूप वेळ त्यात गेला आणि आता त्याबद्दल लिहितानाही पोटात कालवतं. फेडरल रिझर्व्ह म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, नॅशनल बँक केंद्र सरकारच्या परवान्यावर (चार्टरवर) चालते आणि स्टेट बँक राज्याच्या, एवढं लक्षात ठेवा, पुढे जाते.

माणूस असा. जन्म २५ जुलै १८७६, पेनसिल्व्हेनियाच्या ब्रॅडफर्ड काउंटीतलं ग्रॅनव्हिल सेंटर. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला कमर्शियल कॉलेज केलं आणि १८९२ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आसपास, कँटन गावच्या फर्स्ट नॅशनल बँकेत चिकटला. १८९९ ला कॅशियर. तिकडे तेव्हा कॅशियर म्हणजे बँकेचा रोजचा सगळा कारभार बघणारा माणूस, बँकेच्या नोटांवर सुद्धा प्रेसिडेंटबरोबर त्याची सही असायची. १९१४-१५ ला तो राज्याच्या बँकर्स असोसिएशनचा अध्यक्ष होता आणि त्याच सुमारास रिपब्लिकन पक्षाकडून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेला, मार्च १९१५ पासून सभागृहात. आता लक्ष द्या, बँकेचा प्रेसिडेंट तो १९१६ ला झाला, म्हणजे खासदार झाल्यावर, आणि १९२५ पर्यंत दोन्ही पदं बरोबर होती. आपल्याकडे तालुक्याच्या नागरी बँकेचा चेअरमन राजकारणात जातो तसंच हे, असं मराठी वाचकाला लगेच वाटतं, मलाही वाटलं होतं, पण हा मतांच्या जोरावर बँकेत आलेला नाही, काउंटरवरून वर चढलेला आहे, आणि त्याची विचार करायची पद्धत शेवटपर्यंत त्या काउंटरवरचीच राहिली असं माझं ठाम मत आहे.

१९२० ला हाउसच्या (संसदेच्या खालच्या सभागृहाच्या) बँकिंग अँड करन्सी कमिटीचे अध्यक्ष एडमंड प्लॅट फेडरल रिझर्व्ह बोर्डावर गेले आणि ती खुर्ची मॅकफॅडनला मिळाली. १९३१ मध्ये डेमोक्रॅट बहुमतात येईपर्यंत ती त्याच्याकडेच होती, नंतर अलाबामाचे हेन्री स्टीगल आले. तुमचा प्रबंध खरं तर या अकरा वर्षांत आहे.

आता सापळा. हा नीट सांगणार आहे, लांबेल, पण वाचा.

मॅकफॅडन शोधलात की पहिलं काय हाती लागतं तर फेडरल रिझर्व्हला शिव्या घालणारं भाषण. ते इतक्या ठिकाणी चिकटवलंय की मूळ कुठलं तेच कळत नाही. बऱ्याच प्रतींवर १९३४ साल आहे, पण त्यातला मोठा भाग १० जून १९३२ च्या भाषणातला आहे आणि काही मजकूर मे १९३३ चा आहे, दोन्ही सलग जोडलेले. तुम्ही १९३४ धरून चाललात की सगळा क्रम कोसळतो. १९३२ च्या जूनमध्ये हूवर अध्यक्ष आहेत, बँका धडाधड बुडतायत, निवडणूक तोंडावर आहे. १९३४ मध्ये रूझवेल्ट आहेत, बँका बंद होऊन पुन्हा उघडल्यात, ठेव विमा आलाय. एकच वाक्य या दोन वर्षांत एकाच अर्थाचं राहत नाही हो.

दुसरं, काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या छापील नोंदीत, छापलंय म्हणजे तो तिथे उभा राहून तसंच बोलला, असं नाही. सदस्यांना भाषण नंतर सुधारायची आणि वाढवायची मुभा असते. न बोललेल्या मजकुरापुढे ठिपक्याची खूण करायची पद्धत १९७८ ला आली, त्याआधीच्या रेकॉर्डात काय बोललं गेलं आणि काय नंतर घुसवलं ते नुसतं बघून ओळखता येत नाही. तिसरं, रोजच्या आवृत्तीचा पान नंबर आणि बांधीव खंडाचा पान नंबर वेगळा असतो. मी कुठल्यातरी लेखातून पान नंबर उचलून बांधीव खंडात शोधत बसले, पानावर भलतंच काही, आणि अख्खं प्रकरण परत आलं. गव्हइन्फो या अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर बांधीव खंड फुकट आहेत, तारखेने उघडा आणि ते पान स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कुणाच्या तळटीपेवरून तळटीप करू नका. करूच नका.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल सदस्याला बाहेर कुठेही जाब विचारता येत नाही, हे अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आहे. म्हणजे तिथे नोंदलेलं वाक्य हा फक्त त्याने तसं म्हटल्याचा पुरावा, ते खरं असल्याचा नाही. मे १९३३ मध्ये त्याने सभागृहात उघड ज्यूद्वेषी मजकूर मांडला, ‘प्रोटोकॉल्स’चा, म्हणजे ज्यूंच्या जागतिक कटाचा पुरावा म्हणून फिरवलेल्या आणि बनावट म्हणून केव्हाच सिद्ध झालेल्या मजकुराचा, आधार घेऊन. हे झाकून प्रबंध लिहिता येणार नाही. आणि फेडवर टीका करणारा शूर माणूस एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला अजून संताप येतो.

घाबरू नका, कारण १९२० च्या दशकातलं साहित्य इतकं समृद्ध आहे की तिथे गेलात की जमिनीवर पाय लागतात. २५ फेब्रुवारी १९२७ चा मॅकफॅडन ॲक्ट घ्या. सगळे म्हणतात त्याने शाखांवर बंदी आणली. अर्धंच खरं. त्याआधी नॅशनल बँकांना नवी शाखा उघडायला जवळजवळ वावच नव्हता, म्हणून त्या स्टेट चार्टर घ्यायला लागल्या होत्या, आणि कॅलिफोर्नियात जियानिनींची बँक ऑफ इटली राज्यभर शाखा पसरत होती. कायद्याने नॅशनल बँकेला आपल्याच शहरात शाखा उघडू दिली, तीही राज्याचा कायदा स्टेट बँकांना परवानगी देत असेल तर. आणि २५,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावात नवी शाखा नाही! ५०,००० पर्यंत एक, एक लाखापर्यंत दोन. हे कलम वाचलं तेव्हा मला कँटन दिसलं. मोठ्या शहराची बँक त्याच्यासारख्या गावात येऊन बसणार नाही याची सोय त्या अटींत आहे. राज्याबाहेर शाखांचा प्रश्न तर थेट १९९४ च्या रीगल-नील कायद्यापर्यंत अडकून राहिला.

आणि याच कायद्याने फेडरल रिझर्व्ह बँकांचे २० वर्षांचे चार्टर बेमुदत केले. ज्या फेडवर त्याने पुढे महाभियोगाचा ठराव आणला, ती कायमची झाली त्याच्याच नावाच्या कायद्यात. शेवटच्या भाषणापासून सुरुवात केलेल्याला हे दिसतच नाही, तो सरळ खलनायक नाहीतर हुतात्मा शोधत बसतो.

त्याच्या कमिटीच्या सुनावण्या वाचा, १९२६ पासूनच्या किंमत स्थिरीकरणाच्या, ज्यात न्यूयॉर्क फेडचे बेंजामिन स्ट्राँग साक्षीला आले, आणि १९३० च्या शाखा, चेन आणि ग्रुप बँकिंगच्या (चेन आणि ग्रुप म्हणजे एकाच मालकाच्या किंवा कंपनीच्या ताब्यातल्या अनेक बँका). सेंट लुईस फेडच्या फ्रेझर संग्रहात मिळतात. हजारो पानं आहेत, कंटाळा येतो, पण अध्यक्ष म्हणून तो जे प्रश्न विचारतो त्यातून माणूस कळतो. सारांश देणारी ॲप वापरून या सुनावण्या उरकायच्या असतील तर विषयच बदला. माझं गाइड लोकांबद्दलही मत आहे, जो गाइड पान नंबर मागत नाही तो तुमच्या उपयोगाचा नाही, कितीही गोड बोलत असला तरी. लायब्ररीतला माणूस पकडा.

शेवटची वर्षं थोडक्यात. हूवरच्या १९३१ च्या कर्जस्थगितीवर, म्हणजे युरोपीय देशांची युद्धकर्जं वर्षभर थांबवण्यावर, तो तुटून पडला, पक्षाशी बिनसलं, १३ डिसेंबर १९३२ ला हूवरवर महाभियोगाची मागणी केली, ती ३६१ विरुद्ध ८ ने बाजूला ठेवली गेली. १९३४ ला चार्ल्स डीट्रिच या डेमोक्रॅटकडून हरला, १९३६ ला पक्षाची उमेदवारीही नाही मिळाली आणि १ ऑक्टोबर १९३६ ला न्यूयॉर्कमध्ये वारला. मृत्यूबद्दल ज्या कटाच्या गोष्टी फिरतात त्यांना प्रबंधात जागा देऊ नका.

इंग्रजी जड जातंय म्हणून मागे हटू नका. पहिल्या काही सुनावण्या खरंच अंगावर येतात, मग तेच शब्द परत परत येतात आणि वेग वाढतो. सुरुवात १९३० च्या सुनावणीपासून करा, कायदा तीन वर्षं चालून झालेला असतो आणि छोट्या गावांचे बँकर स्वतः येऊन काय बिघडलं ते सांगत असतात.