जुन्या फोर्स फीडबॅक स्टिअरिंगवर घरचा रेसिंग सेटअप

कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमसाठीच्या, मोटरीने हाताला बळ जाणवून देणाऱ्या जुन्या फोर्स फीडबॅक स्टिअरिंगची ताकद मुळातच बेताची असते. लॉजिटेकचे २००६ साली आलेले जी २५, त्यानंतरचे जी २७ आणि ड्रायव्हिंग फोर्स जीटी या तिन्हींत छोट्या मोटरी प्लास्टिकच्या दातेरी गिअरमार्फत रिम फिरवतात, आणि आजच्या डायरेक्ट ड्राइव्ह (रिम थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेल्या) स्टिअरिंगपुढे हे बळ फारच कमी ठरते. तरीही गाडी हाकण्याची जाण येण्यासाठी जे सर्वांत महत्त्वाचे, ते या यंत्रांतून नक्की मिळते. वळणात टायर स्वतःला सरळ करू पाहतो, ते बळ सिम्युलेटर (खऱ्या गाडीसारखी चाल दाखवणारा गेम) मोजतो आणि मोटरीमार्फत आपल्या हातापर्यंत पोहोचवतो. पुढच्या टायरांची पकड सुटू लागली की हे बळ उतरते आणि स्टिअरिंग हातात हलके होते. हा हलकेपणा वाटेत कुठेही हरवू नये, एवढ्याच एका हेतूने पुढची सगळी जुळवाजुळव करावी.

जुने स्टिअरिंग घेताना ते वीज देऊन चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वीज आणि यूएसबी जोडताच ते आपोआप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून मध्यावर थांबले पाहिजे. त्यानंतर रिम झटक्याने दोन्हीकडे पुष्कळदा फिरवावी आणि कॉम्प्युटरवर विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत मध्य जागेवर आहे का ते पाहावे. मध्य सरकलेला दिसला, तर बहुतेक वेळा मोटरच्या दांड्यावरची एन्कोडरची (फिरणे मोजणाऱ्या भागाची) चकती चिरलेली असते. हा दोष दुरुस्त होतो, पण तो किमतीतून वजा झाला पाहिजे. अडॅप्टर मूळचा आहे का, हेही विचारावे. परदेशातून आलेल्या सेटच्या अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले नसेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये लावू नये. बदली अडॅप्टर घेताना व्होल्ट आणि पिनची धन-ऋण बाजू मूळच्यासारखीच हवी. अँपिअर तेवढेच किंवा जास्त असले तरी चालते. नव्वदच्या दशकातली गेमपोर्टची (जॉयस्टिक जोडण्याच्या जुन्या पोर्टची) स्टिअरिंग स्वस्तात मिळाली तरी घेऊ नयेत, कारण आजच्या कॉम्प्युटरला तो पोर्टच नसतो.

घरी आणल्यावर आधी ते उघडून साफ करावे. एन्कोडरची चकती नखाएवढ्या जाडीचीही नसते. तिच्या कडेला बारीक खाचा असतात आणि त्या खाचांतून जाणाऱ्या प्रकाशावरून यंत्र फिरण्याचा हिशोब ठेवते. चीर असते ती सहसा मधल्या बुंध्यात, दांड्यावर घट्ट बसवलेल्या भागात, आणि उजेडात तिरपी धरून भिंगाने पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. चिरलेला बुंधा दांड्यावर घसरतो, म्हणून प्रत्येक जोराच्या झटक्यानंतर मध्य थोडा थोडा हटत जातो. सुपरग्लूने ही चीर काही काळ धरते, पण नवी चकती बसवणे हाच खरा उपाय आहे. गिअरवरचे वाळलेले जुने ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्लास्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावावे. गाडीच्या चाकांसाठीचे घट्ट ग्रीस इथे वापरू नये, कारण ते मोटरवर नाहक ओझे टाकते.

पेडलमध्ये ते किती दाबले हे सांगणारे पोटेन्शिओमीटर असतात आणि धुळीने त्यांचे वाचन उड्या मारू लागते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबले की बहुधा काम होते. मूळचे ब्रेक पेडल मात्र फारच मऊ असते. खऱ्या गाडीत पाय अंतर मोजत नाही, दाब मोजतो. म्हणून ब्रेकच्या स्प्रिंगमध्ये कडक रबराचा तुकडा बसवावा, म्हणजे पेडल थोडे खाली जाऊन मग घट्ट होते. ज्यांना सोल्डरिंग जमते त्यांनी लोडसेल (दाब मोजणारा सेन्सर), त्याचे वाचन घेणारा एचएक्स ७११ बोर्ड आणि ते यूएसबीवर पाठवणारा आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा बोर्ड वापरून ब्रेक स्वतंत्र यूएसबीवर घ्यावा. एचएक्स ७११ हा बोर्ड बहुधा सेकंदाला १० वाचनांवर लावून येतो आणि ब्रेकसाठी तो वेग अपुरा आहे. त्याची रेट पिन बदलून तो ८० वर आणणे आवश्यक आहे.

सगळ्यात जास्त लक्ष फ्रेमवर द्यावे. टेबलाला क्लँपने अडकवलेले स्टिअरिंग टेबलासकट हलते, आणि मोटरने दिलेले थोडेसे बळ लाकूड हलवण्यातच खर्च होते. सांगलीकरांची इथे सोय आहे; कुपवाड आणि मिरज एमआयडीसीच्या परिसरात फॅब्रिकेशनवाले आहेत आणि कागदावर माप दिले की ते पाइप कापून जोडून देतात. दीड इंची स्क्वेअर पाइप, चौदा गेज, असे सांगावे. स्टिअरिंगखाली एकच मधला खांब घेऊ नये, तो डावी-उजवीकडे थरथरतो. दोन बाजूंना दोन खांब आणि त्यांना तिरपा आधार हवा. वेल्डरला आधी फक्त टॅक (तात्पुरते टिपके) मारायला सांगावे, मग स्वतः बसून पाहावे आणि त्यानंतरच पक्के वेल्डिंग करून घ्यावे. पेडल आणि स्टिअरिंगच्या पट्ट्यांना गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवाव्यात, म्हणजे पुढेमागे करता येते. फ्रेमला रेड ऑक्साइड मारूनच रंग द्यावा, कारण पावसाळ्यात जमिनीलगतचे उघडे लोखंड लवकर गंजते. त्याच कारणासाठी पेडलखालची फळी एमडीएफची नको, १८ मिलिमीटर प्लायवूडची असावी.

सीट भंगारात निघालेल्या मारुती ८०० किंवा ओम्नीची चांगली, आणि ती सरकत्या रुळांसकट घ्यावी. पाठ सीटला टेकलेली असताना हात लांब केल्यावर मनगट रिमच्या वरच्या कडेवर आले पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. जी २५ आणि जी २७ च्या तळाला एम ६ (६ मिलिमीटर जाडीचे) बोल्ट बसतात. ते किती आत जातात हे काडीने मोजून मगच लांबी ठरवावी, कारण लांब बोल्ट आतल्या भागांना इजा करतो.

सॉफ्टवेअरसाठी या जुन्या मॉडेलना लॉजिटेक गेमिंग सॉफ्टवेअरच वापरावे. लिनक्सवर या स्टिअरिंगचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. सेटिंगमध्ये फिरण्याची मर्यादा ९०० अंश ठेवावी आणि रिम मध्यावर ओढणारी सेंटरिंग स्प्रिंग बंद करावी, कारण ती टायरचे बळ झाकून टाकणारे खोटे बळ लावते. असेटो कोर्सासारख्या सिम्युलेटरमध्ये गेन (एकूण बळाचे प्रमाण) एवढाच ठेवावा की जोराच्या वळणात बळाचा दर्शक सतत वरच्या टोकाला भिडून राहणार नाही. तो भिडला की क्लिपिंग होते, म्हणजे त्यापुढचे बळ कापले जाते, आणि टायर हलका झाला तरी हाताला कळत नाही. गिअरच्या घर्षणामुळे फार लहान बळ रिमपर्यंत येतच नाही, म्हणून मिनिमम फोर्स (लहान बळालाही मिळणारा किमान जोर) दहा टक्क्यांपासून हळूहळू वाढवावे आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग आपोआप थरथरू लागले की थोडे मागे यावे.

पडदा शक्य तितका जवळ, रिमच्या लगेच मागे घ्यावा. २४ इंची मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर पडद्याने डोळ्याशी केलेला उभा कोन (फील्ड ऑफ व्ह्यू) सुमारे २८ अंश येतो, आणि सिम्युलेटरमध्येही तोच ठेवावा. सुरुवातीला हे चित्र फार अरुंद वाटते, पण वळणाचे अंतर आणि वेग खरे दिसू लागतात, म्हणून निदान आठवडाभर तरी ते बदलू नये.

तपासणीसाठी साधी, कमी ताकदीची गाडी घेऊन एका लांब वळणात वेग हळूहळू वाढवावा. पुढचे टायर सरकू लागताच रिम हलकी झाली पाहिजे. ती झाली नाही तर आधी गेन कमी करून पाहावा, मग सेंटरिंग स्प्रिंग खरोखर बंद आहे का ते पाहावे, आणि तरीही काही जाणवले नाही तर पाना घेऊन खांबांचे बोल्ट एकेक करून आवळावेत.